ट्रीट केलेला खांब जाळून त्याला ऑइल पाजणाऱ्यांसाठी

‘प्रेशर ट्रीटेड लाकडी खांब पन्नास वर्षं टिकवण्याचं सुतारांचं गुपित’ हा मेसेज कुठून निघाला देव जाणे. त्यात पाच कलमं आहेत. जमिनीत जाणारं टोक जाळून काळं करा आणि त्याला जळकं ऑइल पाजा. खांब वर्षभर उन्हात वाळवून मगच रंगवा. ऑइल पेंटचे तीन जाड हात द्या. लाकडाचा मूळ रंग दिसायला हवा असेल तर पारदर्शक वॉर्निश मारा. आणि लाकूड आरपार ट्रीट केलेलं असतं, तेव्हा हवं तिथे कापा. आता तो घरच्या ग्रुपवर मामांनी टाकलाय, खाली ‘खांब आलेत, रविवारी करतो’ अशी पुरवणी जोडून. मामा, रविवारी काडेपेटी घरातच राहू द्या.

ट्रीटमेंट म्हणजे काय ते आधी बघा. बंद टाकीत लाकूड ठेवून आतली हवा ओढून घेतात, मग औषधाचं पाणी सोडून वातावरणाच्या साधारण दहापट दाबाने ते लाकडात घुसवतात. औषध सालीकडच्या कोवळ्या लाकडात चांगलं मुरतं, गाभ्यात जवळजवळ जातच नाही. म्हणजे खांबाचं संरक्षण त्याच्या बाहेरच्या थरात असतं. आणि मेसेज सांगतो, नेमका तोच थर जाळा!

बरं, जळतं काय? कित्येक दशकं सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं औषध म्हणजे सीसीए: तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक. देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सोंती कामेशन यांनी 1933 साली ते शोधलं. वाळवी आणि बुरशी दोन्हींवर ते जबरदस्त चालतं. पण असं लाकूड जाळलं की आर्सेनिकचा काही भाग धुरातून नाकात जातो आणि उरलेला राखेत राहतो. ती राख मग अंगणात, मुलांच्या हाताला. शिवाय सीसीएचा खांब एकदा पेटला की ज्वाळा विझल्यावरही आतून धुमसत राहतो. वरून पाणी मारून माणूस झोपायला जातो आणि सकाळी टोकाचा कोळसा झालेला असतो. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी सीसीए 2003 अखेर बंद झालं आणि आता बरेच खांब तांब्याच्या इतर औषधांचे येतात. पण हातातला खांब कुठला, हे हिरवट रंगावरून ओळखता येत नाही. आणि नव्या औषधाचा असला तरी त्याचा धूरही अंगावर घेण्यासारखा नाहीच.

जळक्या ऑइलबद्दल एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: तेलकट पदार्थाने लाकूड टिकतं हे खरं आहे. रेल्वेचे लाकडी स्लीपर क्रिओसोटवरच टिकले, त्याचं पेटंट 1838 चं. पण क्रिओसोट म्हणजे कोळशाच्या डांबरातून काढलेलं, मुळातच विषारी तेल, आणि तेही दाबाने आत भरलेलं. इंजिनमधून काढलेल्या ऑइलमध्ये बुरशी मारणारं औषध नसतं. असते ती काजळी, झिजलेल्या धातूचा कीस आणि कॅन्सरला कारण होणारी संयुगं. ब्रशने लावलं तर ते ओल्या खांबाच्या वरवरच बसतं, पावसाबरोबर मातीत उतरतं आणि त्या जागेवर पुढे कुठलाच रंग धरत नाही.

वर्षभर उन्हात ठेवण्याचं कलम दिसायला शहाणपणाचं आहे. अर्धं बरोबरही आहे, कारण नवा खांब पाण्याने जड असतो आणि ओल्यावर रंग टिकत नाही. पण अमेरिकेच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीच्या चाचण्यांत दिसलंय की उघडं लाकूड काही आठवडे जरी उन्हात राहिलं, तरी वरच्या पेशी सैल होतात आणि रंगाची पकड कमी होते. म्हणून खांब सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे रचा. पाण्याचे चार थेंब टाकून बघा. मोत्यासारखे वरच राहिले तर थांबा, दहाएक मिनिटांत शोषले गेले तर कामाला लागा. ओल मोजायचा मीटर असेल तर ती 20 टक्क्यांच्या खाली हवी, मात्र औषधातल्या तांब्याच्या क्षारांमुळे लाकडात सुया टोचून मोजणारा मीटर थोडा जास्तच दाखवतो.

जाड ऑइल पेंट? खांब जमिनीतून पाणी ओढतो, उन्हात चिरतो. चिरेबरोबर रंगाचा पापुद्रा फाटतो, तिथून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसते. आधी फुगे, मग पोपडे. पारदर्शक वॉर्निशची गत याहून वाईट: ऊन त्यातून आरपार जातं, खालचं लाकूड खराब करतं आणि वॉर्निश सालीसारखं सुटतं.

आरपार ट्रीटमेंटचं उत्तर वर आलंच आहे. कापावंच लागलं तर कापलेलं टोक वर ठेवा, कारखान्यातून आलेलं जमिनीत. कापावर 2 टक्के तांबं असलेलं कॉपर नॅफ्थेनेट ब्रशने लावा, लाकूड आणखी पिणार नाही इतकं. माथा उतरता ठेवा किंवा टोपी बसवा. खड्ड्याच्या तळाशी 10 ते 15 सेंमी खडी घाला, नाहीतर खांबाभोवती ओतलेल्या काँक्रीटचा पेला होऊन त्यात पाणी साचतं.

लावायचं काय, तर लाकडात मुरणारं, रंगद्रव्य असलेलं तेलाचं स्टेन. ऊन अडवतं ते रंगद्रव्यच. पहिला हात वाळायच्या आत दुसरा, नाहीतर दुसरा वरच चिकट राहतो. खरबरीत लाकडावर लिटरला 3 ते 5 चौरस मीटर धरा. 10 बाय 10 सेंमीचा, वर 2 मीटर दिसणारा खांब म्हणजे 0.8 चौरस मीटर, म्हणजे एका लिटरमध्ये चार ते सहा खांबांचा एक हात. वरवर राहिलेलं अर्ध्या तासात पुसून घ्या. पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. एकेक पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.