‘क्लीव्ह’ संस्कृतातून आलेला नाही

दहावीतल्या भाचीच्या इंग्रजीच्या वहीत ते उतरवलेलं दिसलं, म्हणून लिहितेय. घरच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: इंग्रजी ‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणं आणि चिकटणंही, एकाच शब्दाचे उलटे अर्थ, त्याचं मूळ संस्कृत ‘क्लीब’, लवंगेचं ‘क्लोव्ह’ही त्यातूनच आलं.

आधी संस्कृतचं, कारण पोरीने तेच लाल शाईने अधोरेखित केलंय. क्लीब म्हणजे नपुंसक, भ्याड. गीतेतलं ‘क्लैब्यं मा स्म गमः’ त्याचंच. यात चिरणं कुठे आलं? नुसता उच्चार जुळतो, आणि खरं नातं असतं तर तो असा जुळलाच नसता. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२ साली मांडलेला नियम आहे: इंग्रजीच्या अस्सल जुन्या शब्दांत सुरुवातीला ‘क’ असेल, तर संस्कृतातल्या भावंडात बहुधा ‘ग’ किंवा ‘ज’ असतो. काऊ आणि गो. किन (नातलग) आणि जन. नी (गुडघा) आणि जानु. ‘नी’च्या स्पेलिंगमध्ये तो ‘के’ अजून आहे. चिरण्याच्या ‘क्लीव्ह’चा ग्रीक नातलगही ‘ग’नेच सुरू होतो: ‘ग्लुफेइन’, म्हणजे कोरणं. हायरोग्लिफ, म्हणजे प्राचीन इजिप्तची चित्रलिपी, त्यातलं ‘ग्लिफ’ ते हेच.

उलट्या अर्थांचं म्हणाल तर आज स्पेलिंग एकच आहे, हे मान्य. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात या दोन स्वतंत्र नोंदी आहेत. जुन्या इंग्रजीत चिरण्याला ‘क्लेओफान’ होतं, चिकटण्याला ‘क्लिफियान’. पुढे उच्चार घासत एक झाले, इतकंच. आपल्याकडे ‘वर चढ’मधला वर ‘उपरि’पासून आला आणि लग्नातला वर निराळा, म्हणून कुणी मराठीला गोंधळलेली म्हणतं का? शिवाय चिकटण्याच्या अर्थी पुढे ‘टू’ किंवा ‘अंटू’ येतं. १६११च्या बायबलात पुरुष बायकोला ‘क्लीव्ह अंटू’ करतो, तिथे कुणी कुणाला चिरत नाही.

लवंगेचं ‘क्लोव्ह’ फ्रेंच ‘क्लू’पासून, म्हणजे खिळा, लवंगेचा आकार बघा. लसणाच्या पाकळीचं ‘क्लोव्ह’ मात्र खरंच चिरण्याच्या घराण्यातलं, तेवढं सोडून देते.

संस्कृतशी नातं हवंच असेल तर ‘भिद्’ घ्या. भेद, भेदणं त्याचंच, आणि इंग्रजीतलं ‘बाइट’, चावणं, त्याचं सख्खं भावंड. भाचीने ‘क्लीब’ खोडून तिथे हे लिहिलंय. ग्रुपवरही मी हेच टाकलंय.