‘काटा मारतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई. ऐन दिवाळीत चकल्या तुटल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. पाकिटावर नुसतं ‘१ वाटी भाजणीला १ वाटी पाणी, १ मोठा चमचा मोहन, पाकिटात ४ वाट्या’ एवढंच छापलंय. वाटी कशी भरायची ते लिहिलेलं नाही, ही आमची चूक.

पण ‘५०० ग्रॅमच्या पाकिटात सव्वातीनच वाट्या निघाल्या, शंभरेक ग्रॅमचा काटा मारतात’ हे तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत, ते मात्र मान्य नाही.

तुम्हीच टाकलेला फोटो बघा. २४० मिलीचा कप भाजणीत खुपसून, आपटून, वरून सुरीने सपाट केलाय. असा भरला की त्यात १५० ग्रॅमच्या वर भाजणी बसते. ५०० भागिले १५४ केलं की सव्वातीनच येतात! चमच्याने हलकेच भरलात तर कपात साधारण १२५ ग्रॅम बसते, म्हणजे चार वाट्या. तीच भाजणी चाळून घेतलीत तर कप १०५ च्या आसपास येतो आणि पावणेपाच वाट्या भरतात. तेव्हा ‘जास्त दिली’ असा रिव्ह्यू कोणी लिहीत नाही. साखरेचं असं होत नाही, तिची वाटी कशीही भरा, २०० ग्रॅमच्या आसपासच. पिठात हवा असते, ती दाबली की निघून जाते.

चकल्या तुटण्याचं कारणही हेच. तुम्ही सव्वातीन वाट्या धरून पाणी आणि मोहनही सव्वातीनच घेतलंत. भाजणी मात्र पूर्ण ५०० ग्रॅम होती. म्हणजे जवळजवळ १८० मिली पाणी आणि पाऊण चमचा तेल कमी पडलं. उकड कोरडी राहिली की सोऱ्यातून पडतानाच चकलीला चिरा जातात आणि वेढा घालताना ती तुटते. अशा वेळी कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळायचं. मोहन वाढवायचं नाही, नाहीतर चकली तेलात विरते. दोष भाजणीचा नव्हता, मापाचा होता.

राहिला काटा. आमच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का आहे, दुकानात येऊन बघा. ५०० ग्रॅमच्या पाकिटात कायद्याने १५ ग्रॅमपर्यंतचीच तूट चालते. शंभर ग्रॅम मारले असते तर दुकान कधीच बंद पडलं असतं. तुम्ही दोन पाकिटं नेली होती. दुसरं अजून फोडलं नसेल तर कुठल्याही वाण्याच्या काट्यावर ठेवून बघा, पिशवीसकट ५०० च्या वरच भरेल. कमी भरलं तर दोन्हीचे पैसे परत. एक तारा द्यायच्या आधी हे केलं असतंत तर बरं झालं असतं, एवढंच म्हणतो.

पुढच्या छपाईत पाणी मिलीमध्ये आणि भाजणी ग्रॅममध्ये टाकायचा विचार आहे, जागा पुरली तर. तोवर हे पाकीट न मोजता अख्खंच घ्या: साडेतीन वाट्या उकळतं पाणी, चार मोठे चमचे कडकडीत मोहन, झाकून वीस मिनिटं. उरलेली अर्धी वाटी पाणी मळताना लागेल तसं.