तंबोऱ्याला हात लावू नकोस!

गेल्या महिन्यात बेळगावातल्या एका मैफलीला गेलो होतो. पत्रिकेवर वेळ संध्याकाळी सहाची. पावणेसातला समई पेटली. मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, आणि शेवटी ज्यांनी सतरंज्या दिल्या त्यांचाही सत्कार. एका वक्त्याने पंचवीस मिनिटं घेतली. विषय काय, तर तरुण पिढी शास्त्रीय संगीताकडे का वळत नाही!

माझ्या पुढच्याच रांगेत कॉलेजची तीन पोरं बसली होती, बोलण्यावरून खानापूरकडची. गायिकेचा षड्ज, म्हणजे पहिला 'सा', लागला तेव्हा आठ वाजून गेले होते. ख्याल जरा कुठे रंगात येतोय तोवर त्यातला एक सारखा घड्याळ बघायला लागला आणि नऊच्या आत तिघंही वाकून, कुणाच्या पायावर पाय पडू नये अशा बेताने बाहेर पडली. गावाकडची शेवटची बस असणार, दुसरं काय. माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बघा, यांना बसवत नाही."

बसवत नाही? सहापासून दोन तास बसून होती की ती! ज्यासाठी आली होती ते सुरू झालं आणि जायची वेळ झाली.

त्या एका वाक्यापायी हे सगळं लिहितोय. लांबलंय, आधीच सांगतो.

आपल्याकडे पहिला दोष रीलला द्यायची पद्धत आहे. पोरं दीड मिनिटाच्या पुढे काही ऐकत नाहीत म्हणे. मग भीमसेन जोशी ११ वर्षांचे असताना घरातून पळाले ते कशामुळे? गदगमध्ये एका दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि ती डोक्यातून जाईना, म्हणून. त्या वेळच्या ग्रामोफोनच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. खाँसाहेबांसारख्यालाही तेवढ्यातच आटपावं लागे. आपल्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळी, म्हणजे पुढचे कुमार गंधर्व, तोही लहानपणी तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचा. तीही तीन-तीन मिनिटांचीच. तेव्हा कानाला नाद लागायला तेवढा वेळ पुरतो. दीड मिनिटातही लागत असेल. माझी हरकत रीलला नाही. रील संपल्यावर त्या पोराने कुठे जायचं, याचं उत्तर आपल्याकडे नाही, ही माझी हरकत आहे.

भीमसेनजी ग्वाल्हेर-रामपूर करत शेवटी कुंदगोळला, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारात शिकायला पोचले. गंगूबाई हनगल हुबळीहून गाडीने त्याच कुंदगोळला जायच्या, शिकायचं आणि रात्री परत. म्हणजे जायला एक दार होतं. आमच्या पोरांसाठी काय आहे? एक तर वर सांगितली तसली मैफल, नाहीतर क्लास. आणि क्लास म्हणजे परीक्षा.

क्लासबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण माझ्याच घरात झालंय. माझी लेक गाण्याची 'प्रवेशिका पूर्ण' परीक्षा पहिल्या वर्गात पास झाली. यमन राग विचारा : वादी गंधार, संवादी निषाद, मध्यम तीव्र, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. भूगोलातल्या नद्या सांगाव्यात तसं धडाधडा. एकदा गाडीत यमनमधलं एक जुनं गाणं लागलं. मी विचारलं, कुठला राग गं? ती म्हणाली, "हे तर पिक्चरचं गाणं आहे, बाबा." पुढं एसएसएलसीचं, म्हणजे दहावीचं, वर्ष आलं, क्लास सुटला, सर्टिफिकेट कपाटात गेलं. शिकवणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही. बारा पोरं, एक तास, वर परीक्षेचा फॉर्म भरायची घाई. आणि त्या घाईत मीही होतोच. "मध्यमा पूर्ण तरी कर, मग सोड," असं मीच म्हणत होतो. तिने एकदा तरी तासभर नुसता यमन ऐकावा, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

आता याच्या उलटं चित्र बघा. आमच्या वडगावात, म्हणजे बेळगावातल्या विणकरांच्या वस्तीत, एकादशीला भजन असतं. दिवसभर मागाचा खडखडाट ऐकलेली पोरं रात्री टाळ घेऊन उभी राहतात. आठ मात्रांचा भजनी ठेका त्यांना कुणी पाटीवर लिहून शिकवलेला नसतो, पण सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, चुकली की सगळ्यांचे डोळे एकदम पखवाजवाल्याकडे जातात. मालकंसातला अभंग म्हणतात, पहाटे भैरवी म्हणतात. रागाचं नाव विचारलं तर लाजतात. मला वाटतं, आमच्या भागात शास्त्रीय संगीताची सगळ्यात मोठी शाळा हीच आहे आणि तिथे एकही शास्त्रीय गाणारा माणूस वर्षातून एकदासुद्धा जाऊन बसत नाही. एखाद्या गुरुजींनी त्या पोरांना म्हणावं की, बाळांनो, तुम्ही आत्ता म्हणालात ना तो मालकंस, आता मी जरा वेळ तोच गातो. बास. तेवढंच.

पण नाही. आपल्याला आधी सोवळं नेसायचं असतं. कीबोर्डवर राग वाजवणारं पोर दिसलं की आपण नाक मुरडतो. हेच नाक एके काळी पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, मुरडलं होतं. १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली ती तीसेक वर्षं टिकली. त्या काळातही बेळगावात विठ्ठलराव कोरगावकर, रामभाऊ विजापुरे असे पेटीवाले होते. रामभाऊंनी तर या गावाला पिढ्यान् पिढ्या पेटी शिकवली. आज हार्मोनियम म्हटलं की बेळगावचं नाव निघतं आणि आपण छाती फुगवतो.

(भाषेवरून कमेंटमध्ये भांडू नका, हात जोडतो. भीमसेन, कुमार, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई सगळे कन्नड घरातले. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा ११ वर्षांच्या गंगूबाई तिथे स्वागतगीत गायला होत्या. त्याच वर्षीच्या एप्रिलात इथून हाकेच्या अंतरावर सुळेभावीत कुमारांचा जन्म झाला होता. आपला मुलूख कसला आहे ते एवढ्यावरून समजून घ्या आणि सीमाप्रश्न दुसऱ्या पोस्टवर न्या.)

इथवर मी दुसऱ्यांचेच दोष काढले. आता माझा सांगतो.

आमच्याकडे वडिलांनी मिरजेहून आणलेला तंबोरा आहे. मिरज ते बेळगाव पॅसेंजरमध्ये त्यांनी तो मांडीवर धरून आणला, स्वतः नीट बसले नाहीत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मी त्याचा फोटो इथे टाकला होता, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बदाम टाकले होते. खरं सांगतो, त्या फोटोसाठी खोळ काढली ती सात-आठ महिन्यांनी.

चार महिन्यांमागे त्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या 'सा'ची, तार बदलत बसलो होतो. गल्लीतल्या मागवाल्यांचा पोरगा भिशीचे पैसे न्यायला आला. अकरावीत आहे. दारातच थांबून म्हणाला, "काका, ह्याचा आवाज ॲपमधल्यासारखा का येईना झालाय?" म्हणजे याच्या मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप आहे! मी कौतुक करावं की नाही? तो पुढे आला, भोपळ्यापाशी वाकला, आणि माझ्या तोंडून निघालं, "हात लावू नकोस!"

आतून बायको म्हणाली, "लावू दे की वो. तुम्ही तरी कुठं रोज लावताय?"

मग बसवला त्याला. घोडीवरून तार जाते तिथे तिच्याखाली दोरा असतो, तो दाखवला. दोरा केसभर मागं-पुढं सरकवायचा, एका जागी आवाज एकदम उघडतो आणि तारेतून दुसरेच सूर ऐकू यायला लागतात. जवारी लागली म्हणतो ती हीच. मी दोरा सरकवत होतो, तो कान लावून बसला होता, पण आवाज काही उघडेना. त्याने दोरा माझ्या हातातून घेतला, चिमटीत फिरवला आणि म्हणाला, "हा सुती आहे, फुगलाय. आमच्यातलं रेशीम आणतो, थांबा." धावत जाऊन घेऊन आला. लाल होतं, कुठल्यातरी साडीचं. ते लावलं, त्यानेच सरकवलं, आणि खोलीभर गंधार, म्हणजे 'ग', ऐकू यायला लागला. तार एकच, षड्जाची. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. "काका, हे कोण वाजवायलंय?"

माझी सगळी पुस्तकं वाचून झालीत, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आमच्या माडीवर बसतो. आधी तंबोरा लावायचा, तो पोरांनीच. मग एकच राग, कुणी गाणारं मिळालं तर समोर, नाही तर रेकॉर्डिंग. मध्येच कुणी उठून गेलं तरी चालतं. मोबाईलवर रेकॉर्ड केलं तरी चालतं. पहिल्यांदा चार जण होते, आता नऊ-दहा असतात. त्यातले तीन भजनातले. माझी लेक चहा द्यायला म्हणून येते आणि तासभर बसते. मी तिला काही विचारत नाही.

मागच्या रविवारी त्या पोराने खुंटी जास्त पिळली आणि जोडाची तार तुटली. मी काही बोललो नाही. (बोललो, पण थोडंच.) मिरजेहून तारा मागवल्यात, शनिवारपर्यंत येतील. या रविवारी तोडी, सकाळी साडेआठला. शाल नाही, पाहुणे नाहीत, साडेदहाला सगळे मोकळे. खानापूरच्या त्या तिघांना कुणी ओळखत असेल तर निरोप द्या, त्या वेळेला बस आहेत.