खुलासा : वारसा यादीत नाव आलं म्हणून घर जात नाही

‘इमारत जागतिक वारसा यादीत गेली की ती युनेस्कोच्या ताब्यात जाते, मग घरात खिळाही ठोकता येत नाही,’ असा मजकूर दक्षिण मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

मालकी, भाडेकरूंचे हक्क, काहीही बदलत नाही. नियम आपलेच आहेत, मुंबईचे, 1995 पासूनचे. त्यांत वारसा इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत नियम कडक आहेत. दुसऱ्या श्रेणीत छाननीनंतर आतले बदल करता येतात, तिसरीत आणखी मोकळीक आहे. बाहेरून मात्र पालिकेला विचारल्याशिवाय हात लावू नका. गोलाकार बाल्कनी बंद करून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, की खिडक्यांवरच्या छज्ज्यांची सलग रेघ तुटते आणि इमारतीचा चेहराच जातो.

आणखी एक. ‘हे सरकारने आपल्यावर लादलं’ हेही खरं नाही. 30 जून 2018 ला ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातल्या) आणि आर्ट डेको (1930 च्या दशकाच्या आसपासच्या शैलीतल्या) इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यामागे रहिवासी संघटना आणि वास्तुरचनाकारांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. ओव्हल मैदानाची दुर्दशा थांबवायलाही आधी रहिवासीच कोर्टात गेले होते.

दुरुस्ती अडवून धरू नका. गळती तुमची वाट बघत नाही.