रीगन "अचानक" गव्हर्नर झाला म्हणे!

कुठल्या नटाने पक्षात प्रवेश केला की तो फॉरवर्ड परत फिरायला लागतो, तुम्हालाही आला असेलच. मजकूर साधारण असा, की रोनाल्ड रीगन (तोच, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला) हा गरीब बूटविक्याचा पोरगा, हॉलिवूडमधला बी ग्रेड नट, पिक्चर मिळायचे बंद झालेले, राजकारणाचा अनुभव शून्य, एके रात्री टीव्हीवर एक भाषण ठोकलं, ते ऐकून चार शेठ खुश झाले आणि दोन वर्षांत गडी कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर, तेही काही मुद्दा नसताना नुसत्या चेहऱ्यावर. गंमत म्हणजे हाच मजकूर दोन्हीकडचे लोक पाठवतात. नटाचे फॅन "बघा, अनुभव लागत नाही" म्हणून, आणि विरोधक "बघा, पब्लिक कोणालाही निवडून देतं" म्हणून. मला रीगनचं राजकारण आवडत नाही, पण म्हणून त्याच्याबद्दल काहीही खपवायचं का? एकेक वाक्य घेतो.

गरिबीचं वाक्य खरंय, फक्त अर्धं सांगितलंय. जन्म १९११ चा, इलिनॉय राज्यातल्या टॅम्पिको नावाच्या बारक्या गावात, वाढला डिक्सनला. बाप जॅक बुटांच्या दुकानात सेल्समन, नोकरी टिकायची नाही म्हणून सारखी गावं बदलायची, आणि दारू. अकरा वर्षांच्या पोराने बापाला दारात बर्फात पडलेला बघून ओढत आत नेलं हा किस्सा रीगनने स्वतःच सांगून ठेवलाय. आई नेली चर्चवाली, चर्चमधली नाटकं बसवणारी, पोराला स्टेजची सवय तिथलीच. पुढे नदीवर लाइफगार्ड, आणि १९३२ ला युरेका नावाच्या छोट्या कॉलेजातून अर्थशास्त्र-समाजशास्त्राची डिग्री. फॉरवर्डमध्ये जे नाही ते हे, की मंदीत बाप बेकार झाला आणि डेमोक्रॅट पक्षाचा रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्याला सरकारी मदत वाटपाच्या कामातच नोकरी लागली. म्हणजे पुढे आयुष्यभर "सरकार फार मोठं झालंय" म्हणून ओरडणाऱ्या माणसाच्या घरची चूल एकेकाळी सरकारी योजनेवर पेटत होती! घर कट्टर डेमोक्रॅट, आणि रीगनने स्वतः रूझवेल्टला चारही वेळा मत दिलं. याला कोणी ढोंग म्हणेल. मला वाटतं त्याचं बोलणं डेमोक्रॅट कामगारांच्या घरात का पोचलं याचं निम्मं उत्तर इथेच आहे, कारण तो त्याच घरातून आला होता आणि त्या घरात काय भाषा चालते ते त्याला पाठ होतं.

बी ग्रेड नट? असेल बाबा. १९३७ ला वॉर्नर ब्रदर्सने घेतला, युद्धाच्या आधी दोन-चार बरे रोल मिळाले, युद्धानंतर उतरती कळा. यावर भांडण नाही.

आता "राजकारणाचा अनुभव शून्य". हे सगळ्यात मोठं खोटं आहे, त्यामुळे इथे जरा थांबू. निवडणूक लढवली नव्हती हे बरोबर, पण राजकारण म्हणजे फक्त निवडणूक का? १९४७ ला तो स्क्रीन ॲक्टर्स गिल्डचा, म्हणजे नटांच्या युनियनचा अध्यक्ष झाला, १९५२ पर्यंत सलग राहिला आणि १९५९ ला परत आला. हो, युनियनचा अध्यक्ष! तोही असल्या काळात की १९४६ च्या आसपास हॉलिवूडमध्ये दोन युनियनच्या भांडणात गेटवर मारामाऱ्या चालल्या होत्या, आणि रीगनला तोंडावर ॲसिड टाकू अशी धमकी आल्यावर तो काही दिवस पिस्तूल घेऊन फिरत होता. त्याचा कम्युनिस्टविरोध तिथे पेटला, पुस्तकं वाचून नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली तेव्हा जाहीरपणे नावं घेतली नाहीत, शहाण्यासारखा बोलला, पण आतून तो एफबीआयला माहिती पुरवत होता, त्याला टी-१० असा कोड नंबरसुद्धा होता. हे फॅन लोकांच्या फॉरवर्डमध्ये कधीच दिसणार नाही.

१९६० ला त्याच्याच अध्यक्षपदाखाली नटांनी स्टुडिओंविरुद्ध संप केला. मागणी होती की आमचे पिक्चर टीव्हीला विकता तर त्याचे पैसे आम्हालाही द्या. संप काही आठवडे चालला, पदरात पडलं काय, तर पेन्शन आणि आरोग्याचा फंड आणि १९६० नंतरच्या पिक्चरांवर रॉयल्टी. जुन्या पिक्चरांवर पाणी सोडलं, म्हणून जुने नट त्याच्यावर कायम खार खाऊन राहिले. याला तडजोड म्हणा, विकला गेला म्हणा, पण समोर स्टुडिओचे मालक बसवून घासाघीस करणं म्हणजे अनुभव शून्य? आणि त्यातली काळी बाजूही घ्या. १९५२ मध्ये त्याच्या गिल्डने एमसीए या एजन्सीला टीव्ही कार्यक्रम काढायची खास सूट दिली, ही एजन्सी म्हणजे रीगनचे स्वतःचे एजंट, आणि पुढे त्याचा टीव्ही शो काढला त्यांच्याच कंपनीने. १९६२ ला यावर ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरायचा का ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, जबाब द्यावा लागला. आरोप ठेवला नाही कोणी, पण असल्या भानगडीतून सहीसलामत बाहेर येणाऱ्या माणसाला राजकारण येत नव्हतं म्हणायचं असेल तर म्हणा.

शिवाय प्रचार. १९४८ ला डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ट्रूमनसाठी, १९५० ला सिनेटच्या डेमोक्रॅट उमेदवार हेलन गॅहॅगन डग्लससाठी, तेही रिपब्लिकन रिचर्ड निक्सनच्या विरोधात! मग १९६० मध्ये "निक्सनच्या बाजूचा डेमोक्रॅट" म्हणून फिरला आणि १९६२ ला रिपब्लिकन म्हणून नाव नोंदवलं. म्हणजे पक्षांतर एका रात्रीत झालं नाही, बारा वर्षं लागली. अचानकचं उदाहरण हवंच असेल तर आपल्याकडचे एन. टी. रामाराव घ्या, मार्च १९८२ ला पक्ष काढला आणि जानेवारी १९८३ ला मुख्यमंत्री. आणि "आपला रीगन" म्हणून ज्या एमजीआरचं नाव घेतात ते १९७७ ला मुख्यमंत्री व्हायच्या आधी कित्येक वर्षं द्रमुकमध्ये घासलेले होते, त्यामुळे तिथेही हा फॉरवर्ड लागू पडत नाही.

"एका भाषणाने झाला." भाषण खरंय, २७ ऑक्टोबर १९६४, रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार गोल्डवॉटर याच्या प्रचारासाठी, टीव्हीवर अर्धा तास. आठवड्याभरात गोल्डवॉटर असा आपटला की पन्नासपैकी सहा राज्यं हाती लागली, पण रीगन चमकला. आता मजा अशी की ते भाषण त्या रात्रीचं नव्हतंच. १९५४ ते १९६२ तो जनरल इलेक्ट्रिकच्या रविवारच्या टीव्ही शोचा होस्ट होता आणि करारात अजून एक काम होतं, कंपनीचे कारखाने फिरायचे, कामगारांशी बोलायचं. देशभर शंभराच्या वर कारखाने केले, विमानाला घाबरायचा म्हणून ट्रेनने, आणि प्रवासात छोट्या कार्डांवर स्वतःच्या हाताने मुद्दे लिहायचा. सुरुवातीला हॉलिवूडचे किस्से सांगायचा, पण लोक टॅक्सबद्दल, सरकारी नियमांबद्दल तक्रारी करायचे, त्यातली कुठली ओळ टाळी घेते, कुठली मरते हे तो आठ वर्षं रोज तपासत होता. गिल्डमध्ये मालकांसमोर बसलेला माणूस आता कंपनीच्या पैशाने कामगारांसमोर उभा होता, आणि त्याचे विचार या काळात उजवीकडे सरकले ते असेच हळूहळू. १९६४ चं भाषण म्हणजे हजार वेळा झालेल्या प्रयोगाचा टीव्हीवरचा प्रयोग. दुसऱ्याने लिहून दिलेलं वाचलं म्हणणाऱ्यांनी ती कार्डं आठवावीत.

"शेठ लोकांनी उभा केला" यात मात्र तथ्य आहे. होम्स टटल हा लॉस एंजेलिसचा फोर्ड गाड्यांचा डीलर, हेन्री साल्वाटोरी तेल शोधण्याच्या धंद्यातला, आणि युनियन ऑइलचा रुबेल, या तिघांनी १९६५ मध्ये पैसे आणि माणसं उभी केली. स्पेन्सर-रॉबर्ट्स ही प्रचाराची फर्म लावली, जिने वर्षभरापूर्वी गोल्डवॉटरच्याच विरोधात त्याचा पक्षातला प्रतिस्पर्धी रॉकफेलरचा प्रचार केला होता, धंदा तो धंदा. दोन मानसशास्त्रज्ञ ठेवले, त्यांनी राज्याच्या प्रश्नांच्या फाइली करून दिल्या. नटाचा शिक्का पुसायला आयडिया काढली की भाषण छोटं ठेवायचं आणि मग लोकांचे प्रश्न घ्यायचे, म्हणजे स्क्रिप्ट वाचतोय असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे "मी राजकारणी नाही, साधा नागरिक आहे" ही जी इमेज होती ती बनवायला पक्के व्यावसायिक लोक लागले होते, आणि तुमचा फॉरवर्ड साठ वर्षांनी अजून तीच जाहिरात फुकटात करतोय.

पण शेठने तिकीट दिलं असं समजू नका. तिकडे हायकमांड नसते, प्रायमरीत पक्षाचे मतदार ठरवतात. समोर सॅन फ्रान्सिस्कोचे माजी महापौर जॉर्ज क्रिस्टोफर होते, मध्यममार्गी, सात-आठ वर्षं शहर चालवलेले. रीगनने दुपटीहून जास्त मतं घेऊन हरवलं. यात थोडी मदत कोणाची तर चक्क विरोधकांची, गव्हर्नर पॅट ब्राउनच्या माणसांनी क्रिस्टोफरची दुधाच्या दराची जुनी केस पेपरात पोचवली, कारण त्यांना वाटलं नट समोर आला तर सोपं जाईल. पुढे ब्राउनने प्रचाराच्या फिल्ममध्ये शाळेतल्या दोन मुलींना सांगितलं की मी एका नटाविरुद्ध उभा आहे आणि लिंकनला गोळी कोणी घातली माहितीये ना (घालणारा नटच होता). असला जोक निघाला की समजायचं, हातचं चाललंय. आणि तो नट म्हणून पहिलासुद्धा नव्हता हो, जॉर्ज मर्फी हा नाचणारा हिरो १९६४ मध्येच कॅलिफोर्नियातून सिनेटर झाला होता.

राहिला शेवटचा, "मुद्दाच नव्हता". हे तर अगदीच आंधळं. ४ जानेवारी १९६६ ला उमेदवारी जाहीर केली तेव्हापासून तेच तेच मुद्दे, टॅक्स, वेल्फेअरचा (गरिबांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा) खर्च, गुन्हेगारी, बर्कली विद्यापीठातला गोंधळ. ब्राउन काही टाकाऊ गव्हर्नर नव्हता, कालवे, कॉलेजं, रस्ते त्याने बांधले, पण लोकसंख्या फुगत होती आणि घरपट्टीचं बिल मध्यमवर्गाच्या अंगावर येत होतं. डिसेंबर १९६४ ला बर्कली विद्यापीठात विद्यार्थ्यांनी इमारतीत ठिय्या दिला, आठशेच्या आसपास अटका झाल्या. ऑगस्ट १९६५ ला लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल, ३४ माणसं मेली, आणि गव्हर्नरसाहेब तेव्हा ग्रीसमध्ये सुट्टीवर.

आणि एक मुद्दा असा जो रीगनचे फॅन हळूच वगळतात. वंश बघून घर नाकारायला बंदी करणारा रम्फर्ड कायदा १९६३ ला झाला, १९६४ ला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी जवळपास दोन तृतीयांश मतांनी तो उडवला आणि मे १९६६ मध्ये, ऐन प्रचारात, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मतदारांचा निर्णय रद्द केला. रीगन त्या कायद्याच्या विरोधात होता, घर माझं, कोणाला विकायचं ते मी ठरवणार ही भाषा. मार्च १९६६ ला सँटा मोनिकात काळ्या रिपब्लिकन लोकांच्या सभेत त्याच्यावर वर्णद्वेषाचा रोख आला तेव्हा चिडून स्टेज सोडून निघून गेला होता. तो मनातून वर्णद्वेषी होता का ते मी ठरवत बसत नाही, पण गोऱ्या उपनगरांतली मतं त्याला का पडली हे विचारल्यावर "चेहरा बघून" असं उत्तर देणं म्हणजे त्या मतदारांना निर्दोष सोडणं झालं. लोक मुद्दा बघूनच मत देत होते, मुद्दा तुम्हाला आवडो न आवडो. नोव्हेंबरला ५७.५ टक्के मतं, जवळपास दहा लाखांचं लीड, राज्यात डेमोक्रॅट मतदार जास्त नोंदलेले असताना.

निवडून आल्यावर १९६७ मध्ये याच टॅक्सविरोधी माणसाने तिजोरीत खड्डा बघून साधारण एक अब्ज डॉलरची टॅक्सवाढ केली, तेव्हापर्यंत कुठल्याही राज्याने केली नव्हती एवढी, आणि त्याच वर्षी गर्भपाताचे नियम सैल करणाऱ्या बिलावर सहीपण केली. चार वर्षांनी परत निवडून आला.