रोबोटची उचल

अंबाजोगाईच्या माझ्या जुन्या वाचक मित्रांमध्ये गेले दोन आठवडे एका विज्ञानकथेवरून वाद चालला आहे. कथेतल्या ग्रहावर माणसे आगाऊ रक्कम घेऊन आयुष्याची काही वर्षे गहाण टाकतात. तिथल्या कायद्याला ते मान्य आहे, म्हणून पृथ्वीवरून गेलेला कप्तान ‘त्यांची संस्कृती, त्यांचा कायदा’ म्हणत यान परत फिरवतो. आमचे निवृत्त प्राध्यापक याला शहाणपण म्हणतात. दुसऱ्याचे जग आपल्या मापाने मोजणे ही साहेबी खोड आहे, असे सरांचे मत. ऊसतोड मजुरांच्या बीड जिल्ह्यात जन्म काढलेल्या माणसाने असे म्हणावे, याचा मला संताप आला.

मी प्रागमध्ये राहतो. बावीस नंबरच्या ट्राममधून कामावर जाताना याच शहरात लिहिणाऱ्या कारेल चापेकची आठवण या वादामुळे रोज होते. त्याच्या १९२० च्या नाटकातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. तो सुचवला त्याच्या भावाने, योसेफने, आणि त्याचे मूळ ‘रोबोता’, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर राबायची वेठ. ती वेठ इथे १८४८ मध्ये कायद्याने संपली. आपला वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. हा सव्वाशे वर्षांचा फरक मी मित्रांना जरा ऐटीतच ऐकवला.

चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीत, माणसासारखेच जिवंत द्रव्याचे आहेत. त्यांना मुक्त करायला आलेल्या हेलेनाला कारखान्यातले लोक समजावतात की यांना कसली इच्छाच नसते. सरांचा युक्तिवाद याहून वेगळा नाही: ऊसतोडीची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, कोणी जबरदस्तीने देत नाही, लोक स्वखुशीने घेतात. हंगामाआधी घेतलेली उचल, नवरा-बायको मिळून मोजला जाणारा एक कोयता, आजारपणातही खाडा पडला की होणारी कपात, हे सगळे या स्वखुशीत बसवायचे. त्या नाटकात रोबोटांना वेदना बसवण्याचा प्रयोग चालतो, दयेपोटी नव्हे, तर दुखले म्हणजे ते स्वतःची मोडतोड करून घेणार नाहीत आणि कारखान्याचे नुकसान टळेल म्हणून. आमच्याकडे हिशेब उलटा झाला. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये म्हणून बायकांनी गर्भपिशवी काढून घेतली, आणि तो प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात पोचला. परग्रहाचा कायदा निदान उघडपणे परवानगी तरी देतो. आमचा कायदा मनाई करतो आणि मजुरांचे ट्रक भरून निघतात.

यावर सरांनी एकच प्रश्न विचारला: तुझ्याकडच्या कारखान्यांत एजन्सीमार्फत येणाऱ्या युक्रेनियन आणि मंगोलियन मजुरांचे काय? ते वेगळे, त्यांना करारपत्र असते, असे मी लिहिले. इथे राहून काम करायच्या परवान्याचे माझे स्वतःचे पहिले कार्डसुद्धा एकाच मालकाच्या नोकरीला बांधलेले होते, हे लिहायचे टाळले.

आणखीही एक गोष्ट टाळली. माझे वडील मुकादम होते, ऊसतोडीला मजूर पुरवणारे. दसऱ्याच्या आसपास आमच्या ओसरीवर उचल वाटली जायची, वहीत अंगठे उमटायचे, आणि औरंगाबादला माझी इंजिनिअरिंगची फी त्याच कमिशनमधून भरली गेली. एका वर्षी एक जोडपे हंगाम अर्ध्यावर टाकून पळाले, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्याला आणून दोन दिवस आमच्या ओसरीवर बसवले होते. मी सातवीत होतो. मी त्याला तांब्याभर पाणी नेऊन दिले, तर तो मला ‘धाकले मालक’ म्हणाला आणि उठून उभा राहिला. मी दप्तर घेऊन शाळेत गेलो. १९७६ चा कायदा तेव्हाही होताच.

सर आमच्याच तालुक्याचे आहेत आणि मी कोणाचा मुलगा आहे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. इतक्या वादात त्यांनी ते अजून एकदाही काढलेले नाही.