गुप्त मंडळाने अमेरिका घडवली, हे सिद्ध करण्याची खात्रीशीर रीत

अमेरिका फ्रीमेसनांनी घडवली, असा व्हिडिओ काढायचाय? फ्रीमेसन, थोडक्यात मेसन, म्हणजे आपले विधी गुप्त ठेवणाऱ्या एका बंधुमंडळाचे सभासद. जॉर्ज वॉशिंग्टन फ्रीमेसन होता, हे शोधायला काही कष्ट नाहीत. व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लॉजच्या वहीत 4 नोव्हेंबर 1752 ला त्याच्या नावावर प्रवेश फी जमा आहे: 2 पौंड 3 शिलिंग. (लॉज म्हणजे मेसनांची शाखा, एसटी स्टँडसमोरचं लॉजिंग-बोर्डिंग नव्हे. अर्थात त्या काळी लॉजच्या बैठका बऱ्याचदा खानावळीच्या माडीवर भरायच्या, त्यामुळे फरक वाटतो तेवढा नाही.)

ही रक्कम व्हिडिओत चुकूनही सांगू नका. सांगितलीत तर प्रेक्षकाला वाटेल, वीस वर्षांचं पोरगं जिमखान्याची मेंबरशिप घेतंय. डोळ्यांवर पट्टी, गळ्यात दोर, डावा गुडघा उघडा, एवढंच दाखवा आणि मागे घंटा वाजवा. हा सगळा प्रवेशविधी 1730 सालीच लंडनमध्ये छापून विकला गेला होता. त्याकडे काणाडोळा करून ‘आजवर जगापासून लपवलेलं’ असं खुशाल म्हणा.

मग मोजदाद. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर 56 सह्या आहेत. त्यांत मेसन असल्याची भक्कम नोंद मिळते ती नऊएक जणांची. नऊ हा आकडा फार किरकोळ दिसतो, म्हणून ‘अनेक’ हा शब्द वापरा. मसुदा लिहिणारा जेफरसन मेसन नव्हता, जॉन अ‍ॅडम्सही नव्हता. त्यांची नावं फ्रँकलिनच्या नावाला चिकटवून भरभर घ्या: ‘फ्रँकलिन-जेफरसन-अ‍ॅडम्स वगैरे मंडळी’. फ्रँकलिन पक्का मेसन, 1734 मध्ये पेनसिल्व्हेनियाचा ग्रँड मास्टर, म्हणजे तिथल्या मेसनांचा प्रमुख. फक्त 1730 च्या डिसेंबरात त्याने स्वतःच्याच वर्तमानपत्रात मेसनांची टिंगल छापली आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्यांच्यातच जाऊन बसला, ही गोष्ट टाळा. त्याने माणूस धंदेवाईक वाटतो, गूढ वाटत नाही. अमेरिकन सेनापती बेनेडिक्ट अर्नोल्डचं तर नावच काढू नका. तोही मेसनच, आणि ऐन युद्धात इंग्रजांना फितूर झाला. ब्रिटिश फौजेत पलटणींची स्वतःची फिरती लॉज होती, म्हणजे लढाईत दोन्हीकडे बंधूच. कट कुणी कुणाविरुद्ध केला, हा प्रश्न पडायच्या आत डॉलरची नोट काढा.

इथे मात्र घाई नको, सगळा माल इथेच आहे. एक डॉलरची नोट उलटी करा. डावीकडच्या वर्तुळात अर्धवट पिरॅमिड आणि वर त्रिकोणात डोळा. पिरॅमिडच्या पायऱ्या मोजा: तेरा. वरचं लॅटिन वाक्य ‘अन्नुइट कोएप्टिस’, रोमन अक्षरं तेरा. उजवीकडच्या गरुडाच्या एका पायात बाण तेरा, दुसऱ्या पायातल्या फांदीला पानं तेरा. प्रेक्षक गार. तेरा वसाहतींनी मिळून देश केला म्हणून सगळीकडे तेरा, हे शाळकरी उत्तर कुणी द्यायच्या आत पुढे सरका. पिरॅमिडखालचं ‘नोवुस ओर्दो सेक्लोरुम’ मात्र मोजू नका, ती अक्षरं सतरा भरतात.

आता पेन्सिल घ्या. पिरॅमिडवर एक सुलटा आणि एक उलटा त्रिकोण काढून षट्कोनी तारा करा. टोकं अक्षरांवर येतात: वर डावीकडे ए, उजवीकडे एस, खाली उजव्या टोकाला एम, मध्ये ओ, डाव्या टोकाला एन. ओळीने वाचलं तर ‘असमॉन’ होतं, ज्याला काही अर्थ नाही. म्हणून एम उचलून पहिला ठेवा, मग उडी मारून ए, परत एस, मग ओ आणि एन. झालं ‘मेसन’! आपल्याकडे एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ झाला होता, इथे पाच अक्षरं हलवायची मुभा आहे. सहावं टोक डोळ्यावर जातं. त्याला अक्षर नाही, म्हणून तिथे ‘आणि हा डोळा सगळं पाहतोय’ असं म्हणावं.

नोटेवरची ही दोन वर्तुळं म्हणजे अमेरिकेच्या राजमुद्रेच्या दोन बाजू. या मुद्रेचा इतिहास कुणी विचारलाच तर खोकला काढा. 4 जुलै 1776 ला नेमलेल्या पहिल्या समितीत एकटा फ्रँकलिन मेसन होता, आणि त्याने सुचवलं काय, तर बायबलातला समुद्र दुभंगणारा मोझेस आणि बुडणारा फेरो. ना डोळा, ना पिरॅमिड. डोळा त्या समितीला मदत करणाऱ्या चित्रकाराने सुचवला. युरोपातल्या देवळांत तो देवाचा डोळा म्हणून आधीच घरोघरी माहीत होता. पिरॅमिड आला 1778 च्या पन्नास डॉलरच्या नोटेवरून. मुद्रा मंजूर झाली 1782 मध्ये आणि डॉलरच्या नोटेवर चढली 1935 मध्ये, रूझवेल्टच्या हुकमाने. रूझवेल्ट मेसन होता! हे ठासून सांगा. मधल्या 153 वर्षांत मंडळ काय करत होतं, याला ‘संयम’ म्हणायचं.

कॅपिटॉलची, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाची, कोनशिला ही हुकमी जागा. 18 सप्टेंबर 1793 ला वॉशिंग्टनने मेसनांचा एप्रन बांधून ती बसवली. चांदीची पाटी, वर धान्य, मद्य आणि तेल. इथे आवाज खाली आणा. नंतर 500 पौंडांचा अख्खा बैल भाजून मंडळी जेवली आणि समारंभाची साग्रसंगीत बातमी अलेक्झांड्रियाच्या पेपरात आली, हे गाळा. ती शिला आज नेमकी कुठे आहे ते कुणालाच सापडत नाही, हे मात्र दोनदा सांगा.

मग वॉशिंग्टन शहराच्या नकाशावर रस्ते जोडून गूढ पंचकोनी तारा काढा. तो काढताना ऱ्होड आयलंड अ‍ॅव्हेन्यू दगा देते. ती कनेक्टिकट अ‍ॅव्हेन्यूपाशीच संपते आणि ताऱ्याची एक रेघ अपुरी राहते. जाड मार्कर वापरा.

एवढं करूनही कुणीतरी शहाणा कॉमेंटमध्ये वॉशिंग्टनचं 25 सप्टेंबर 1798 चं पत्र टाकणारच. एका पाद्र्याला त्याने लिहिलंय की गेल्या तीस वर्षांत आपण लॉजमध्ये एक-दोनदाच गेलो असू. घाबरू नका. उत्तर तयार ठेवा: ‘तो असंच म्हणणार ना!’ आणि 1788 च्या सनदेचा फोटो लावा, अलेक्झांड्रियाच्या लॉजचा मास्टर, म्हणजे प्रमुख, म्हणून त्यात त्याचंच नाव आहे. 1832 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मेसनांविरुद्ध उघड एक पक्षच उभा होता आणि त्याने व्हरमाँट राज्य जिंकलं, हे त्या शहाण्याला माहीत असेल तर त्याला सरळ ब्लॉक करा.

दुसऱ्या भागाला तिकीट काढून वॉशिंग्टनला जायची गरज नाही. मुंबईत फोर्टमध्ये फ्रीमेसन्स हॉल आहे, आणि भारतीय सभासदांसाठी काढलेलं ‘रायझिंग स्टार’ लॉज याच शहरात 1843 मध्ये सुरू झालं. कॅमेरा घेऊन जा आणि आधी डोळा शोधा. इमारतीवर नाही सापडला तर आसपास एखादं चष्म्याचं दुकान असेलच.